डागांचा परिणाम नगण्य

९ जानेवारी

तिसरं अधिक्रमण आज हाती आलं. पंधरा लाख किलोमीटरवर बसलेली दुर्बीण काही तास आमच्यासाठी एका फुटकळ लाल ताऱ्याकडे टक लावून बघते, त्याचा ग्रह त्याच्या तोंडासमोरून सरकतो, ताऱ्याचा उजेड केसभर कमी होतो, आणि ते सगळं आकडे होऊन आमच्या खोलीतल्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली येऊन पडतं. ग्रहाभोवती हवा असेल, तर त्या हवेतून गाळून आलेल्या उजेडात तिची खूण राहते. ती खूण शोधायची, एवढंच आमचं काम. भर बाजारात कुणीतरी हळूच शिंकलेलं ओळखण्याइतकं सोपं.

दुपारी तिन्ही खेपांचे आकडे एकत्र करून आलेख काढला. पाण्याची वाफ असेल तर जिथे उंचवटा यायला हवा, तिथे तो आला. छान टेकडीसारखा. मी खुर्चीतून उठलो, खिडकीपर्यंत गेलो, पुन्हा येऊन बसलो. टेकडी जागेवरच.

समोरच्या टेबलाशी शंकाबाई होत्या. माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार मुलगी. वय पस्तिशीचं, स्वतःला एक लेक आहे, तेव्हा मुलगी म्हणण्यात अर्थ नाही, पण मला ती मुलगीच वाटते. प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून हे नाव मीच ठेवलं, आता सगळी संस्था तेच म्हणते. तीही हसते. म्हणजे आधी हसायची.

'बघ,' म्हटलं.

तिने बराच वेळ बघितलं. 'सर, सुंदर आलाय,' म्हणाली. आणि लगेच, 'पण हे पाणी ग्रहावरचंच कशावरून?'

'मग कुठलं? तुझ्या घरच्या नळाचं?'

हसली नाही.

१२ जानेवारी

तिचं म्हणणं इथे लिहून ठेवतो, म्हणजे मी ऐकूनच घेतलं नाही असं व्हायला नको.

आपला तारा लहान आणि थंड. सूर्यावर असतात तसे डाग त्याच्यावर असले, तर ते आणखी थंड असणार. इतके थंड, की त्या डागांमध्येच पाण्याची वाफ तग धरते. आता ग्रह ताऱ्याच्या स्वच्छ भागावरून गेला आणि डाग बाजूला राहिले, तर उरलेल्या उजेडात डागांचा वाटा वाढतो. डागांमधलं पाणी मग आपण ग्रहाच्या नावावर जमा करतो. 'पाणी खरंच आहे सर,' ती म्हणाली, 'फक्त ते ताऱ्यात असेल.'

ऐकायला गोड आहे. पण हा तारा मवाळ आहे. आजवर कुणी त्याच्याबद्दल तक्रार केलेली नाही. तिला आणखी दोन अधिक्रमणं हवीत, तीही निळसर उजेडात, कारण डाग असतील तर तिथे ते उघडे पडतात. म्हणजे नवा अर्ज, नवी वाट बघणं, वर्ष गेलं. आणि याच ग्रहाच्या मागे दुसरा एक गट लागलाय, हे दुर्बिणीच्या वेळापत्रकात ढळढळीत दिसतंय.

माझं वय छप्पन. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पेपरात पाचवं-सहावं नाव लावण्यात गेली. माझ्या गुरूंनी तर माझा आख्खा प्रबंध एका व्याख्यानात स्वतःचा म्हणून सांगितला होता आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता पहिल्यांदा ग्रह माझा आहे, अर्ज माझा आहे. मी वर्षभर थांबू?

२० जानेवारी

शंकाबाईंना जेवायला बोलावलं होतं. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला, म्हणून चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. लेकीने आमच्या सोफ्यावर चढून उशांचा डोंगर केला. बायकोला मुलांचं वेड, तिने त्यात स्वतःच्या आणखी दोन उशा घातल्या.

जेवताना मी टेकडीबद्दल सांगत होतो, तर ही मध्येच, 'काकू, पण ते अजून नक्की नाही हं.' आणि डागांची सगळी गोष्ट तिने पुन्हा सांगितली. वाटी उलटी ठेवून, तिच्यावर सॉसचे ठिपके काढून, वरून वाटाणा फिरवून. बायको घास हातात धरून ऐकत राहिली. मी तीस वर्षं सांगतोय, त्यातलं तिने इतकं लक्षपूर्वक कधी काही ऐकलेलं आठवत नाही.

'मग थांबायला काय होतं?' मला विचारलं.

'तुला नाही कळायचं ते.'

'असेल,' ती म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिचं बोलणं हाडांपासून सुरू होऊन हाडांपाशी संपतं. 'माझ्याकडे गुडघा धरून येतात, त्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं कमरेत असतं. म्हणून मी आधी कंबर बघते.'

दोघी हसल्या. मीही हसलो.

लिफ्टपर्यंत सोडायला गेलो तेव्हा शंकाबाईंना म्हटलं, 'तुझा करार जूनमध्ये संपतोय ना? हा पेपर झाला की वाढवून घेणं सोपं जाईल. नुसत्या शंकांवर कुणी नोकरी देत नाही.' धीर यावा म्हणून म्हटलं. तिचा चेहरा उतरला. लेक कडेवर झोपली होती, जड झाली असेल.

४ फेब्रुवारी

पेपर लिहून होत आला. तिने डागांवर चांगली दोन पानं लिहून दिली होती. ती काढली. त्याऐवजी परिशिष्टात एक ओळ घातली : 'ताऱ्यावरील डागांचा परिणाम नगण्य धरला आहे.' खोटं काहीच नाही. धरला आहे, म्हणजे धरला आहे.

संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

'सर, डाग धरून मी दोनदा करून बघितलंय. टेकडी उरतच नाही.'

'किती डाग धरलेस?'

'ताऱ्याचा आठ टक्के भाग.'

'आठच का? दोन का नाहीत? वीस का नाहीत? तुला माहीत आहे किती आहेत ते?'

'नाही. तेच तर मोजायचंय.'

'मग जे माहीत नाही, ते लिहायचं कशाला?'

मुद्दा बिनतोड होता.

पेपरच्या शेवटी कुणी काय केलं ते लिहावं लागतं. 'विश्लेषण' या कामापुढे मी एकट्या तिचं नाव घातलं. मुद्दाम. उद्या मुलाखतीत तिच्याच उपयोगी पडेल. तर म्हणते, 'सर, तिथे तुमचंही असू दे ना.' केवढा हा विनय!

११ फेब्रुवारी

आज ती रजेवर होती, लेकीला ताप. खोलीत एकटाच होतो, म्हणून सहज तिची पद्धत स्वतः वापरून बघितली. आठ टक्के डाग. मग सहा. मग चार.

चारलाही टेकडी बसली. सपाट झाली.

मी तो प्रोग्रॅम बंद केला. संगणक सकाळपासून हळू चालत होता, असल्या दिवशीच्या आकड्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो. आणि चार टक्के तरी असतील कशावरून? कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेतला. बरोबरच्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. म्हटलं, उत्तम.

१२ फेब्रुवारी

पेपर पाठवला. सगळ्यांच्या संमतीच्या सह्या लागतात. शंकाबाईंची सर्वांत शेवटी आली, पण आली.

१९ मार्च

काय दिवस होता!

पेपर प्रसिद्ध झाला आणि पत्रकार परिषदेला सभागृहात बसायला जागा नव्हती. संचालकांनी नवा कोट घातला होता. आमच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने निवेदनात 'जीवसृष्टीला पोषक' असे शब्द घातले होते. मी म्हटलं, जरा जास्त होतंय. तो म्हणाला, सर, 'शक्यता' हा शब्द पुढे आहे ना. होता. बारीक अक्षरात होता.

प्रश्न संपत आले तेव्हा एका बातमीदार बाईंनी मागच्या रांगेतल्या शंकाबाईंना गाठलं. विश्लेषण तुमचं ना, तुम्हाला काय वाटतं? ती उठली आणि म्हणाली, 'अजून मोजायला हवं.' एवढंच. संचालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मी माइक ओढून म्हटलं, 'या आमच्या शंकाबाई. सूर्य उगवला तरी पुरावा मागतात.' हशा पिकला. प्रसंग निभावला. ती उभीच होती, मग बसली.

आई दादाकडे असते. तिचा फोन आला. तिने सगळ्या इमारतीला गोळा करून बातम्या दाखवल्या म्हणे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, पाणी सापडलं ते ठीक, पण आपल्याकडे किती वाजता येणार? आईला ते इतकं लागलं, की तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बायकोचे सगळे पेशंट नेमके आजच होते.

६ एप्रिल

तीन व्याख्यानं, एक सत्कार, एक रेडिओ. ज्या लोकांनी मला वीस वर्षं जिन्यात ओळख दाखवली नाही, ते आता लिफ्ट थांबवून धरतात. हे सगळं पोकळ असतं हे मला कळतं. पण पोकळ असलं तरी ऊब देतं, हेही कळलं.

शंकाबाईंच्या कराराचं संचालकांकडे काढायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात.

२६ मे

मेलो. त्या दुसऱ्या गटाचा पेपर आला. त्यांनी पाच अधिक्रमणं घेतली, त्यातली दोन निळसर उजेडात. आलेख निळ्या टोकाला चढत गेलाय. डाग. तारा डागांनी भरलेला आहे, नेमके ग्रहाच्या वाटेपासून बाजूला. पाणी आहे, ताऱ्यात आहे. ग्रहाभोवती हवा असल्याची खूणही नाही, नुसता धोंडा असू शकतो.

पेपरमध्ये आमचं नाव एकदाच आहे आणि भाषा अत्यंत सभ्य आहे. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी खोलीत शिरलो तेव्हा शंकाबाई तोच पेपर वाचत होती. मला वाटलं, आता म्हणणार, मी सांगितलं नव्हतं का. तिने नुसतं वर बघितलं आणि विचारलं, 'सर, चहा मागवू?' त्या क्षणी मला तिचा इतका राग आला, की का आला ते अजून कळत नाही.

२८ मे

संचालकांनी बोलावलं. नवा कोट नव्हता. 'संस्थेची अब्रू गेली,' म्हणाले. एक छोटी समिती नेमतील, बाहेरच्यांनी विचारण्याआधी आपणच विचारलेलं बरं. मग चष्मा पुसत म्हणाले, 'विश्लेषण कुणाचं होतं?'

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. पेपरचं शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं, बस.

५ जून

समितीपुढे आधी तिला बोलावलं, मग मला. मग दोघांना एकत्र. तीन म्हातारे, मधोमध पाण्याची बाटली. कुणीही पाणी प्यायलं नाही, बहुधा विषय लक्षात घेऊन.

तिने ती काढून टाकलेली दोन पानं छापून आणली होती. अध्यक्षांनी ती चाळली आणि विचारलं, 'एवढी खात्री होती तर सही का केलीत?'

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. लिफ्टपाशी मी काही बोललो होतो ते तिला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही, आणि न सांगण्याचं कारण तिचं तिला माहीत. तसं सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मग मला विचारलं, 'यांनी तुम्हाला सावध केलं होतं, असं यांचं म्हणणं आहे.'

मी म्हटलं, 'ती सगळ्याच बाबतीत सावध करते. संस्थेत तिचं नावच शंकाबाई आहे. दिवसाला दहा शंका येतात, त्यातली खरी कुठली, कसं ओळखायचं?'

अध्यक्ष हसले. दुसरे दोघेही. म्हणजे वातावरण तसं खेळीमेळीचंच होतं.

घरी आलो तर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता तिने विचारलं, 'सांगितलंस?'

'काय?'

'की ती जानेवारीपासून सांगत होती. इथे, या टेबलावर सांगितलं. वाटी घेऊन.'

'समितीने तसं विचारलं नाही.'

'काय विचारलं?'

मी सांगितलं. माझं उत्तरही सांगितलं, वाटलं हसेल. ती हातातल्या टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. 'मला बोलवा म्हणावं,' म्हणाली. 'मी होते तिथे. मी सांगते.'

'तुला कोण बोलावणार? तुझा काय संबंध?'

'तेच बघतेय,' ती म्हणाली.

काय बघतेय, ते विचारायचं राहिलं. दूधवाल्याने बेल वाजवली.

२१ जून

पेपर मागे घेतला. कारण : 'विश्लेषणातील त्रुटी.' माझ्यावर ठपका नाही, 'देखरेख अधिक काटेकोर हवी' एवढा शेरा. तिचा करार वाढला नाही. मी संचालकांना म्हटलं होतं, मुलगी कष्टाळू आहे. ते म्हणाले, कष्टाचा प्रश्न नाही. मी काय करणार?

दुपारी तिने टेबल आवरलं. लेकीने काढलेली ग्रहांची चित्रं भिंतीवरून उतरवली, चिकटपट्टी भिंतीला राहू नये म्हणून नखाने हळू हळू काढत होती. मी म्हटलं, राहू दे, शिपाई काढेल.

जाताना विचारलं, 'सर, एक विचारू? तेव्हा तुम्हाला पटलं होतं का?'

'काय?'

'डागांचं.'

मला तो फेब्रुवारीतला दिवस आठवला. म्हटलं, 'विज्ञानात पटण्या न पटण्याला अर्थ नसतो. पुरावा लागतो.'

'म्हणजे पटलं होतं,' ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्या आकड्याची खात्री करून घ्यावी तशी. मग खुर्ची आत सरकवली आणि गेली.

शिफारस हवी असेल तर सांग, असं मी मागून म्हटलं. ऐकू गेलं नसावं.

१४ जुलै

बायको तिच्या ताईकडे गेली. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरात व्यायाम करवून घेणारं कुणीतरी हवंच. महिन्याभराचा प्रश्न आहे. जाताना लोकरीचे कपडेही बॅगेत भरले. जुलैत! म्हटलं, अगं, ताईंकडे काय बर्फ पडतोय? ती म्हणाली, 'असू देत.' आपल्या त्या दोन उशाही नेल्या. तिला परक्या उशीवर झोप येत नाही.

फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून गेलीय. गॅसवाल्याचा नंबर, प्लंबरचा नंबर, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या खणात आहेत ते. नेहमी एका आठवड्यासाठी गेली तर चार चिठ्ठ्या असतात. या वेळी दार भरून आहेत. काळजी करायचा स्वभावच आहे तिचा.

३० ऑगस्ट

संस्थेत गुणवत्ता समिती स्थापन झाली. इथून पुढे प्रत्येक पेपर बाहेर जाण्याआधी तिच्या नजरेखालून जाईल. अध्यक्षपदी मी. संचालक म्हणाले, ज्याने पोळून घेतलंय त्याच्याइतका सावध कोण असणार? सूचना कोणाची होती, तर त्याच तीन म्हाताऱ्यांची.

आज नव्या विद्यार्थ्यांपुढे पहिलं भाषण दिलं. विषय : स्वतःच्या निष्कर्षावर शंका घ्यायला शिका. ताऱ्यावरच्या डागांचं उदाहरण दिलं. उलटी वाटी आणि वाटाणा घेऊन. पोरांना फार आवडलं. एकाने विचारलं, सर, ही वाटीची कल्पना तुमची? म्हटलं, अशाच गप्पांमधून सुचली.

रविवारी आईचा फोन होता. तिने बायकोला फोन केला होता. ताई आता जिने चढतात म्हणे. आणि बायकोने तिथल्या एका रुग्णालयात काम धरलंय. 'आवाज छान वाटला हो तिचा,' आई म्हणाली. 'कितीतरी दिवसांनी अशी हसली.'

ऐकून बरं वाटलं. हवापालट मानवलेला दिसतो. काम धरलंय हे मला सांगायचं राहून गेलं असेल तिच्याकडून, गडबडीत.

आई अजून सगळ्यांना सांगते, माझ्या मुलाने पाणी शोधलं. मी तिला दुरुस्त करत नाही. या वयात काय दुरुस्त करायचं.

११ ऑक्टोबर

दुर्बिणीच्या पुढच्या वर्षाचे अर्ज तपासणाऱ्या मंडळावर माझी निवड झाली. केवढा मान! एकेका जागेसाठी जगभरातून झुंबड, आणि त्यातून कुणाला बघू द्यायचं ते ठरवणाऱ्यांत मी. अर्जांवर नाव नसतं, संस्था नसते. माणूस बघायचा नाही, काम बघायचं. उत्तम पद्धत आहे.

माझ्या वाट्याच्या गठ्ठ्यात आज एक अर्ज निघाला. आमचाच तारा. त्याच्यावरचे डाग कसे आहेत, कुठे आहेत, ते वर्षभर मोजायचं, आणि मग अशा सगळ्या ताऱ्यांच्या ग्रहांचं पाणी खरं कुठलं आणि उसनं कुठलं, ते वेगळं काढायची पद्धत बसवायची. पहिल्याच परिच्छेदात आमच्या मागे घेतलेल्या पेपरचा उल्लेख आहे. तिथे एक वाक्य आहे : 'त्या निरीक्षणांचा दर्जा उत्कृष्ट होता.' माझ्या निरीक्षणांबद्दल इतकं चांगलं अजून कुणी लिहिलेलं नाही.

खरं सांगायचं तर गठ्ठ्यातला हा सगळ्यात चांगला अर्ज आहे. दुसऱ्यांदा वाचतानाही कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही.

नियम असा आहे, की अर्ज कुणाचा ते ओळखलं, तर तसं कळवायचं आणि बाजूला व्हायचं. पण ओळखणं वेगळं आणि अंदाज येणं वेगळं. या विषयावर काम करणारे जगात कितीतरी जण असतील. नाव लिहिलेलं नाही, तर मी ओळखलं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

बायकोला फोन लावला. मंडळावर निवड झाल्याचं तिला सांगितलं नव्हतं.

'अरे वा,' म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि एक लहान मूल काहीतरी गाणं म्हणत होतं.

'कोण आलंय?' मी विचारलं.

'पाहुणे आहेत,' ती म्हणाली. मग जरा थांबून, 'अर्ज वाचलेस सगळे?'

'वाचतोय.'

'तिचा असेल ना त्यात?'

'अर्जावर नाव नसतं,' मी म्हटलं. 'कुणाचा ते कळत नाही.'

'मी नाव नाही विचारलं.'

गाणं थांबलं होतं.

'काम चांगलं आहे का, एवढं सांग,' ती म्हणाली. 'तुला कळतं ते. तुला नेहमीच कळायचं.'

मी म्हटलं, हे सगळं गोपनीय असतं, फोनवर बोलता येत नाही. मग मी विचारलं, दिवाणखान्यातल्या सोफ्याला नवीन उशा घ्याव्यात म्हणतो, कुठल्या रंगाच्या घेऊ? फोन बंद झाला.

जेवण झाल्यावर गुण भरून टाकले. दहापैकी पाच. शून्य नाही, दोन नाहीत. पाच म्हणजे मध्यम, कुणाचाही द्वेष त्यात दिसत नाही. पाचाला दुर्बिणीचा वेळ मिळत नाही हे खरं, पण ती मंडळाची पद्धत आहे, माझी नाही. शेऱ्याच्या जागी लिहिलं : 'कल्पना आकर्षक, परंतु डागांचा परिणाम एवढा मोठा असेल, हे लेखकांनी पुरेशा पुराव्याने दाखवलेलं नाही.' लिहून दोनदा वाचलं. संयत आहे.

फोन पुन्हा लावून बघितला. लागत नाही. तिथे रेंज नसावी.